नाला थांबला की निघायचं

मायनं पाणी पिणं सोडलं होतं, हे मला पुरामुळं शाळेत आसरा घेतल्याच्या तिसऱ्या रात्री कळलं. तेही तिनं सांगितलं नाही. आशाताईनं, म्हणजे गावातल्या आरोग्याच्या आशा कार्यकर्तीनं, तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, यांना पाणी कोण देऊन राहिलं?" सगळेच देत होते. उशाशी तांब्या भरून ठेवला होता. तो भरलेलाच होता, आणि मी तीन दिवस येता-जाता तो भरलेला तांब्या पाहून निश्चिंत होत होतो.

ही ऑगस्ट 2020ची गोष्ट. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठचं. गाव आणि नदी यांच्या मधात धानाच्या बांध्या, आणि गावाच्या पाठीमागून एक नाला वळसा घालून नदीला मिळतो. घरात मी, बायको, दोन पोरं, माय आणि मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. माय तेव्हा 76 वर्षांची. साखरेचा आजार जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, गुडघे पार गेलेले. मोठेबाबा 84 वर्षांचे, काठीनं चालणारे, एक कान बंद आणि दुसऱ्यात मशीन.

आमच्याकडच्या पुराची एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. तो आमच्या आभाळातून येत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत मध्य प्रदेशात जातो आणि तिकडं कोसळतो. तिकडं सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर भरतं, वाटेतल्या नद्या भरतात, ते सगळं पाणी भंडाऱ्याखाली गोसीखुर्दला येतं. धरणाला 33 दारं. ती उघडली की पुढं आम्ही. त्यामुळं आपल्या अंगणात उभं राहून आभाळाकडं पाहणारा माणूस हमखास फसतो. मी फसलो. शनिवारी, 29 तारखेला, कोतवालानं दवंडी दिली, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही सांगितलं, आणि मी पाहिलं तर आमच्याकडं पाऊस उघडलेला. मागच्या पुराचं पाणी पाराच्या पायरीला लागून परत गेलं होतं. मला वाटलं, यंदाही तसंच होईल.

तरी दुपारी मायला म्हटलं, "चाल, शाळेत जाऊन राहू दोन दिवस." शाळा म्हणजे अडीच किलोमीटरवरच्या उंचावरच्या गावातली. माय काही हलेना. बकऱ्यांचं काय? ढोलीत धान आहे. घरात गणपती बसलेला, त्याले एकट्याले टाकून जाऊ? मी एकेका मुद्द्याला उत्तर देत गेलो. मधातच ती हळूच म्हणाली, "तिथं बाहेर जाचं कसं?"

मी म्हटलं, "बाहेर कायले जातं माय? शाळेतच राहाचं हाय. बसल्या जागी जेवण भेटते."

ती गप्प झाली. मी समजलो, मुद्दा संपला.

पहाटे चार वाजता बायकोनं हलवून उठवलं. अंगणातल्या चपला तरंगत होत्या. गंमत म्हणजे पाणी नदीकडून आलंच नव्हतं. समोरच्या बांध्या अजून दिसत होत्या. पाणी आलं ते मागच्या नाल्यातून. नदी फुगली की नाल्याचं तोंड बंद होतं, नाल्याचं पाणी आधी थांबतं आणि मग उलटं चालायला लागतं. आमचं घर त्या नाल्याकडच्या आळीत. आम्ही सगळे समोर पाहत झोपलो होतो आणि पूर मागच्या दारानं आला.

पुढचं सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. महावितरणनं वीज बंद केलेली, अंधार, पोरांची रडारड. सकाळी मासेमारी करणाऱ्या पोरांनी डोंगा आणला. मायला तिघांनी धान्याच्या पोत्यासारखं उचलून डोंग्यात ठेवलं. लुगडं गुडघ्याच्या वर गेलेलं, आणि गावची पोरं समोर. ती एक शब्द बोलली नाही, डोळे मिटून राहिली. मोठेबाबांची मशीन भिजली. पुढचे तीन दिवस त्यांना काहीच ऐकू आलं नाही आणि त्यांची समजूत अशी झाली, की सगळे त्यांच्यावर रागावून आहेत म्हणून कुणी बोलत नाही. मी काय काय वाचवलं ते सांगतो: मोटारपंपाचा स्टार्टर, सातबारा, सोयाबीनची बिलं, मोबाईलचे दोन चार्जर. राहिलं काय? मायचा चष्मा, मायचे दात, मोठेबाबांची काठी, मशीनचे सेल.

इन्सुलिन मात्र आठवणीनं घेतलं होतं, याचा मला अभिमान होता. फ्रिज बंद पडणार म्हणून रात्रीच नवी शिशी काढून बर्फाच्या थैलीत घट्ट गुंडाळून डब्यात ठेवली. माझी पुतणी नागपुरात नर्स आहे. तिला शाळेतून फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काका, ते फेका. एकदा गोठलेलं इन्सुलिन कामाचं नसते. बर्फाला चिकटवायचं नाही कधी." नशीब, चालू शिशी मायच्या बटव्यात होती. चालू शिशीला फ्रिज लागतच नाही. सावलीत, गार जागी, साधारण चार आठवडे चालते. न उघडलेलीला 2 ते 8 अंश पाहिजे. हे मला दहा वर्षं घरात इन्सुलिन असून माहीत नव्हतं, कारण ते काम बायकोचं.

शाळेत दोनेकशे माणसं. करोनाचे दिवस, त्यामुळं तोंडाला गमछे आणि मनात धाक. जेवणाची सोय खरंच चांगली होती. भात-वरण, भाजी, दोन्ही वेळा चहा. मायला भूक नव्हती. "प्रवासानं झालं असंल," मी म्हटलं. अडीच किलोमीटरचा प्रवास. इन्सुलिन मात्र वेळेवर देत होतो. वेळ पाळण्यात मी पक्का.

तिसऱ्या रात्री तिला दरदरून घाम आला, हात कापायला लागले आणि ती मला माझ्या वडलांच्या नावानं हाक मारायला लागली. आशाताई त्याच शाळेत होती म्हणून वाचलो. तिनं साखर तपासली तर 54. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, आणखी पाजली, मग दूधभात. शुद्धीवर नसती तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ 108ला फोन करायचा, हेही ताईनं तेव्हाच सांगितलं. सुई टोचली आणि पोटात अन्न नाही, तर साखर उतरणारच. ती जेवत का नव्हती, हे मात्र तेव्हाही मी विचारलं नाही. पूर उतरला, घरी आलो, चिखल काढण्यात महिना गेला.

दिवाळीच्या आधी बायको भिंत चुन्यानं सारवत होती. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पुराची मळकट रेघ होती, चार हात दिले तरी ती पुन्हा उमटायची. बायको पाठमोरीच म्हणाली, "त्यांचं निघणं बकऱ्यांसाठी अडलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं त्यांनी. बाहेर जायचं कसं म्हणून."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर जायचं. परसाकडं. आमच्या घरी संडासात मायसाठी वेगळी व्यवस्था आहे. ती उकिडवी बसूच शकत नाही. शाळेत पोरांसाठी बांधलेले दोन ठेंगणे संडास, चढायला दोन पायऱ्या, आत धरायला काही नाही, कडी तुटलेली, रात्री अंधार, आणि बाहेर बायकांची रांग. तिला ते घरबसल्या, न पाहता कळलं होतं. माझ्या उत्तरानं तिची खात्रीच पटली, की या माणसाला सांगून उपयोग नाही. मग तिनं तिच्या परीनं बंदोबस्त केला: खायचं नाही, प्यायचं नाही, म्हणजे जायचं काम नाही.

पुतणीला हे सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. वॉर्डात अशा कितीतरी बाया येतात, म्हणाली, लग्नाला गेल्या, यात्रेला गेल्या, पाणी प्यायल्या नाहीत. तिनंच मला कतरिना वादळाचं सांगितलं. 2005मध्ये अमेरिकेत आलेलं. लुइझियाना राज्यात जी माणसं दगावली त्यातली जवळजवळ निम्मी पंच्याहत्तरीची किंवा त्यापुढची होती. तिथं वादळ येणार हे आधी कळलं होतं, टीव्हीवर दाखवत होते, गाड्या होत्या, रस्ते होते. तरी म्हातारी माणसं मागं राहिली. मला आधी वाटायचं, म्हातारं माणूस अडून बसतं, हट्टी असतं. आता तसं वाटत नाही. त्याचा एक प्रश्न सुटलेला नसतो आणि तो विचारायची त्याला लाज वाटते.

म्हणून आमची तयारी खुर्चीपासून सुरू झाली. पुराच्या तयारीत हे कुठं लिहिलेलं असतं मला माहीत नाही. घरातली एक जुनी पण मजबूत, हातवाली प्लास्टिकची खुर्ची घेतली, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बैठकीला गोल भोक पाडून घेतलं, कडा घासून त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, पायांना आडव्या सळया बांधल्या म्हणजे फाकणार नाहीत. खाली झाकणाची बादली, बादलीत राख. सोबत दोन जुनी जाड लुगडी आणि दोरी, आडोशाला. वेल्डिंगवाला पैसे घेईना. त्याची आजी त्याच शाळेत होती. मायला खुर्ची दाखवली तेव्हा ती तिच्याकडं पाहत राहिली आणि मग बायकोला म्हणाली, "मजबूत हाय का पाह्य, नाहीतर तिथं लोकांत पडीन." दुसऱ्या दिवशीपासून तिनं ती घरात वापरायला घेतली. ते बरंच झालं. नवी वस्तू संकटात पहिल्यांदा वापरायला म्हातारी माणसं तयार होत नाहीत.

दुसरी गोष्ट केली ती 'कधी निघायचं' याची. पहिल्या पुरात आमचा सगळा गोंधळ आकड्यांनी झाला होता. मोबाईलवर कुणी म्हणे दहा हजार सोडलं, कुणी म्हणे साडेतीन लाख. वाद घालता घालता रात्र झाली. नंतर समजलं, दोघांचंही बरोबर असू शकतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. एक क्युमेक म्हणजे 35 क्युसेकपेक्षा थोडं जास्त. धरणाचा आकडा क्युमेकमध्ये येतो आणि ऐकणारा क्युसेक समजतो. आता पाणी कोणत्या मापात सांगितलं ते आधी पाहतो, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवला आहे, आणि हवामान खात्याचा इशारा आमच्या जिल्ह्यापेक्षा वरच्या जिल्ह्यांचा जास्त लक्ष देऊन पाहतो. भंडारा-गोंदियाला लाल दाखवला की आम्ही बॅग उतरवतो.

पण हे सगळं मायच्या कामाचं नाही. तिला ना क्युमेक कळत, ना रंग. तिला नाला कळतो. आयुष्य त्याच्या काठी गेलं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी आळीतल्या तीन म्हाताऱ्या आणि मायला ओट्यावर बसवून विचारलं, "तुम्हीच सांगा, कधी निघायचं?" खूप वेळ भलतंच चाललं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या जावयाचं. शेवटी माय म्हणाली, "नाला वाहाचा थांबला का निघाचं. उलटा फिरेपर्यंत नाही थांबाचं." बाकीच्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, "हे तू म्हणाली. मी नाही." तिनं हातानं उडवून लावलं. पण चार तोंडी साक्ष झाली होती, आणि ती साक्ष पुढं माझ्या कामी आली.

नाल्यावरच्या विजेच्या खांबाला पोलीस पाटलांनी आणि आम्ही मिळून रंगाचे पट्टेही मारले. ते तरुणांसाठी. म्हाताऱ्यांसाठी नालाच.

मे महिन्यात आम्ही तालीम केली. गावात सगळे हसले. पूर नाही, पाऊस नाही, ब्रह्मपुरीचं ऊन म्हणजे काय असतं ते सगळ्या राज्याला बातम्यांतून माहीत आहे, आणि हा माणूस मायला ट्रॅक्टरवर बसवून पुराची तालीम करतो. म्हणून सकाळी सहाला निघालो. माझा हिशोब वीस मिनिटांचा होता. लागला एक तास चाळीस मिनिटं. त्यातली ट्रॅक्टर चालण्याची दहा मिनिटंसुद्धा नाहीत. मायला आधी तुळशीला पाणी घालायचं, मग लुगडं बदलायचं, मग कुलूप, मग कुलूप लागलं का ते पाहायला परत. मोठेबाबा तोवर कंटाळून पारावर जाऊन बसले. आणि ट्रॉली. ट्रॉलीचा फाळका मायच्या छातीला येतो. ती त्यावर चढणार कशी, हा विचार पहिल्या पुरातही कुणी केला नाही, कारण तेव्हा डोंगाच आला.

उपाय साधा निघाला. घरातल्याच दुसऱ्या खुर्चीच्या दोन्ही हातांखालून दोन वेळू घट्ट बांधले, डोलीसारखे. चार माणसं उचलतात, खुर्चीसकट ट्रॉलीत ठेवतात, खुर्चीसकट उतरवतात. मांडीवर चादर, कमरेला पट्टा. कुणी तिला अंगाला धरून उचलत नाही. डोंग्यातही तसंच. डोंगेवाल्या पोरानं एक चांगली सूचना केली. त्यात बसल्यावर कमरेचा पट्टा सोडायचा. पाण्यात काही झालं तर खुर्ची माणसाला खाली घेऊन जाते. हे मला सुचलं नसतं.

बॅग. हिच्यावर सगळे बोलतात म्हणून मी थोडक्यात सांगतो. एक बॅग एका माणसाची, दोघांची एकत्र नाही, कारण पहिल्या वेळी मायच्या गोळ्या मोठेबाबांच्या सामानात आणि मोठेबाबा दुसऱ्या वर्गात असं झालं. सात दिवसांच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यातून मोजून मिळतात, जास्तीच्या मिळायला दोनदा चकरा माराव्या लागल्या. पावसाळ्याआधी कारण सांगून मागितल्या तेव्हा मिळाल्या. जुन्या गोळ्या आधी संपवायच्या, नव्या बॅगेत टाकायच्या, नाहीतर बॅगेतल्या मुदत संपून जातात. कोणती गोळी कधी, इन्सुलिन किती, हे मोठ्या अक्षरात कागदावर, प्लास्टिकमध्ये. त्यामागंच सगळ्यांचे फोन नंबर, कारण मोबाईल बंद पडला की मला माझ्या बायकोचाही नंबर येत नाही. जुना चष्मा. दातांची डबी. मशीनचे सेल, आणि मशीन घालायला झिपची प्लास्टिक पिशवी. ग्लुकोमीटर, साखरेची पुडी, ओआरएस. आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स. बॅटरी, शिट्टी. शिट्टी मोठेबाबांसाठी, त्यांना ऐकू येत नाही पण त्यांची शिट्टी आम्हाला येते. न उघडलेल्या इन्सुलिनसाठी लहान मडकं मोठ्या मडक्यात ठेवून मधात ओली रेती. फ्रिजइतकं गार नाही होत, पण खोलीपेक्षा चांगलं गार राहतं. आणि बर्फ नाही.

एक वस्तू मी विसरलो होतो, ती तालमीच्या दिवशी कळली. शाळेच्या व्हरांड्यात पोचल्यावर मायनं पहिला प्रश्न विचारला, "माहा तंबाखू कुठं हाय?" नुकसानीची वस्तू आहे, पुतणी ओरडते. पण पहिल्या पुरात ती तीन दिवस इतकी चिडलेली का होती, त्याचं अर्धं कारण मला तेव्हा समजलं. डबी बॅगेत गेली.

दुसऱ्या गावात मायची लेक, माझी बहीण, राहते. ब्रह्मपुरीत, पक्कं घर, सगळी सोय. लोक विचारतात, शाळेत कशाला, लेकीकडं ठेवा. मीही म्हटलं होतं. माय म्हणाली, "लेकीच्या सासरी चार दिवस पाहुणी म्हणून जाते मी. पुरात वाहून आली म्हणून नाही जात." यावर वाद घालता येत नाही. आम्ही मधला रस्ता काढला: पूर मोठा आहे असं दिसलं तर शाळेतून पुढं, बहिणीनं स्वतः येऊन न्यायचं. बोलावणं आलं की जाता येतं.

आळीतलं मात्र सोपं नव्हतं. आशाताई आणि पोलीस पाटलांसोबत बसून यादी केली, तर एकटी राहणारी किंवा चालू न शकणारी 19 माणसं निघाली. पोरं पुण्याला, नागपूरला कंपनीत. प्रत्येकाच्या नावापुढं दोन नावं लिहिली. एक नाही, दोन, कारण एक जण नेमका त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो. एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचं भावकीशी जुनं भांडण, बांधाच्या धुऱ्यावरून. त्यांच्या नावापुढं पुतण्याचं नाव लिहिलं तर त्यांनी ते खोडायला लावलं. शेवटी मासेमारीवाल्या पोराचं नाव घातलं, मग चाललं. यादी म्हणजे कागद असं मला वाटायचं. त्यात गावाची सगळी भांडणं असतात.

2022च्या पावसाळ्यात गोसीखुर्दची सगळी दारं पुन्हा उघडली. त्या वर्षी तिकडं वर्धा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनीही वणी, हिंगणघाट, चंद्रपूरकडं हाहाकार केला होता. पहिल्या खेपेला, जुलैमध्ये, दुपारी नाला मंद झाला. मी बांधीतून धावत घरी आलो तर माय लुगडं बदलून ओट्यावर तयार. "थांबला," एवढंच म्हणाली. तिनं माझ्या आधी पाहिलं होतं. उजेडात निघालो, चाळीस मिनिटांत शाळेत. कोपऱ्यात दोरी बांधून लुगड्यांचा आडोसा केला, खुर्ची ठेवली. मायनं स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेतला आणि प्यायली. मी पाहत होतो हे तिला कळलं असावं. "का पाहून राहिला? जा, त्या मोठेबाबाले पाह्य," म्हणाली.

पाणी आमच्या परसापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. घरात थेंब नाही. तिसऱ्या दिवशी परत आलो तर आळीतल्या लोकांनी, जे गेले नव्हते त्यांनी, भरपूर चेष्टा केली. मायही कुरकुरली. एक बकरी दरम्यान कुणाच्या तरी वांग्यात शिरली होती, त्याचं भांडण वेगळंच.

ऑगस्टमध्ये दुसरी खेप आली तेव्हा ती म्हणाली, "मागच्या बारीले का झालं? उगाच नेलं." मला वाटलं, आता पुन्हा 2020. पण मी काही समजावलं नाही. शेजारच्या तिन्ही म्हाताऱ्यांना बोलावून आणलं आणि म्हटलं, "एप्रिलमध्ये कोण काय बोललं ते सांगा." त्यातल्या एकीनं मायकडं पाहून म्हटलं, "तूच तं म्हणाली होती वो." माय उठली. वाटभर ती आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही, फक्त ट्रॅक्टरवाल्याशी बोलली. त्या रात्री आमच्या न्हाणीत कमरेइतकं पाणी होतं.

पूर उतरल्यावरचं एक सांगायचं राहिलं. 2020मध्ये चिखल काढताना मायही अनवाणी उतरली होती. तळपायाला काहीतरी लागलं, तिला कळलंही नाही, साखरेच्या पायाला कळत नाही. ती जखम भरायला डिसेंबर उजाडला. तेव्हापासून घर धुऊन, विहिरीत ब्लीचिंग टाकून, कोपरे काठीनं ठोकून पाहिल्यावरच म्हाताऱ्यांना घरी आणतो. ठोकायचं साप-विंचवासाठी. एकदा धानाच्या ढोलीखाली मण्यार निघाला होता. आणि साफ करायच्या आधी पंचनाम्यासाठी फोटो काढतो, भिंतीवरच्या रेघेसकट.

2023मध्ये सरकारनं मोबाईलवर इशाऱ्याची चाचणी घेतली होती, सगळ्यांचे फोन एकदम मोठ्यानं कर्कश वाजले होते. मोठेबाबा त्या वेळी मशीन काढून झोपले होते. ते दचकून उठून बसले आणि म्हणाले, "नाला थांबला का गा?"

खुर्ची आता आमच्या घरी नाही. 2022च्या ऑगस्टमध्ये शाळेत ती मायसोबत आणखी चार-पाच बायांनी वापरली. आधी लाजत होत्या, मग माय त्यांना स्वतःच बोलवायला लागली, "या वो, काही नाही होत." निघताना मी खुर्ची ट्रॉलीत टाकत होतो, तर माय म्हणाली, राहू दे इथंच, मले घरी वेल्डिंगवाल्याकडून दुसरी करून दे. मुख्याध्यापकांनी क्रीडा साहित्याच्या खोलीत जागा दिली. आता तिथं तीन खुर्च्या आहेत, एक वेल्डिंगवाल्यानं आपणहून दिलेली. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी जाऊन त्या धुवायच्या, ट्यूब सैल झाली का पाहायची, बादल्यांची झाकणं मोजायची, हे काम माझ्याकडं आहे. यंदा एक झाकण सापडलं नाही. पोरांनी फेकाफेकीला नेलं असणार.